क्लाराच्या खुर्चीचे काय झाले?

गेल्या जुलैमध्ये झड चार दिवस थांबायचे नाव घेत नव्हती आणि वीजही सकाळपासून गेलेली होती, तेव्हा मी माझ्या भाचीला 'हायडी'ची गोष्ट वाचून दाखवत होते. मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत आमचे घर आहे. पावसाचे सपकारे आत येऊ नयेत म्हणून पडवीला चुडते, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्या, बांधलेली असतात, त्यामुळे दिवसासुद्धा आत अर्धा अंधार असतो आणि गोष्ट ऐकायला तो फार चांगला असतो. भाची नऊ वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे आणि ती चाकाच्या खुर्चीवर बसून घरभर, अंगणभर आणि जिथवर पाणंद सपाट आहे तिथवर गावभर फिरते.

योहाना स्पायरी या स्विस लेखिकेने ही गोष्ट 1880 आणि 1881 साली दोन भागांत प्रसिद्ध केली. तिच्यातली क्लारा ही फ्रँकफर्टच्या श्रीमंत घरातली, चाकाच्या खुर्चीवर बसणारी मुलगी. ती आपल्या मैत्रिणीकडे, म्हणजे हायडीकडे, आल्प्सच्या डोंगरात राहायला येते. शेळ्या राखणाऱ्या पीटरला तिचा मत्सर वाटतो आणि एका सकाळी तो तिची रिकामी खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो. खुर्चीचे तुकडे होतात. खुर्चीच उरली नाही म्हटल्यावर क्लारा इतरांच्या आधाराने पाऊल टाकून पाहते आणि डोंगरातली हवा, शेळीचे दूध व मैत्रिणीचा हात यांच्या बळावर चालायला लागते. मी लहान असताना हे प्रकरण वाचून रडले होते. आताही माझा आवाज थोडा दाटून आला होता.

भाचीने मध्येच विचारले, "मगे तिच्या खुर्चीचा काय झाला?"

मी म्हटले, मोडली ना. तिने पुढे विचारले, "आणि त्या पीटराक कोणी काय बोलूक नाय?"

मी पाने चाळून पाहिले. क्लाराच्या आजीला खरा प्रकार कळतो. ती पीटरला समजावते, क्षमा करते आणि वर त्याला दर आठवड्याला एक नाणे जन्मभर मिळत राहील अशी व्यवस्थाही करते. मी ते तसेच वाचून दाखवले. भाची काही बोलली नाही. तिचा डावा हात खुर्चीच्या चाकाबाहेरच्या कडीवर होता आणि ती कडी तिने घट्ट धरली होती.

ही खुर्ची घरात कशी आली हे मला माहीत आहे. आधीची खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची होती, तिच्यात भाची एका बाजूला कलंडून बसायची आणि संध्याकाळपर्यंत तिची पाठ दुखायची. दोन वर्षांपूर्वी तिचे माप घेऊन दुसरी खुर्ची करून घेतली. समुद्राची खारी हवा लोखंडाला सोडत नाही, म्हणून तिचे बाबा दर महिन्या-दोन महिन्यांनी चाकांचे बेअरिंग पुसून ग्रीस भरतात. डाव्या ब्रेकच्या दांड्यावरचे रबर झिजले, तेव्हा तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. तो तुकडा कुठला घ्यायचा हेही भाचीनेच ठरवले होते. अशा मुलीला मी सांगत होते की, एका मुलाने एका मुलीची खुर्ची डोंगरावरून फेकली आणि त्यातून सगळ्यांचे भले झाले. जवळजवळ दीडशे वर्षे जगभरची मुले हे प्रकरण आनंदाने वाचत आली आहेत आणि मीही त्यांच्यातलीच एक होते.

त्या दिवसापासून मी लहानपणीची पुस्तके पुन्हा काढून वाचते आहे. वाचताना मनाशी एकच प्रश्न ठेवते. या गोष्टीतल्या आंधळ्या, पांगळ्या, बहिऱ्या माणसाला हवे काय आहे? गोष्टीतल्या इतर प्रत्येकाला काहीतरी हवे असते. कुणाला खजिना, कुणाला राजकन्या, कुणाला शेजाऱ्याच्या झाडावरचा आंबा. अपंग माणसाला मात्र बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे अपंग नसणे. लेखक दयाळू असेल तर शेवटच्या पानावर तो ती देऊन टाकतो. 1911 साली प्रसिद्ध झालेल्या 'द सीक्रेट गार्डन'मधला कॉलिन बागेत जातो आणि खुर्चीतून उठतो. हे केवळ युरोपातच घडते असेही नाही. महाभारताच्या वनपर्वातला अष्टावक्र जनकाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवतो आणि आपल्या बापाला सोडवतो. कोवळ्या वयाच्या मुलाने केलेला हा केवढा पराक्रम! पण कथेला तेवढ्याने समाधान होत नाही. परतीच्या वाटेवर बाप त्याला समंगा नदीत उतरायला सांगतो आणि त्याची वाकडी गात्रे सरळ होतात. भागवतातली कुब्जाही कृष्णाच्या हातून सरळ होते. या कथांचा धार्मिक अर्थ वेगळा आहे आणि तो मला मान्य आहे. मी बोलते आहे ते आपण मुलांसाठी त्यांची जी चार पानांची चित्रमय रूपे करतो त्यांबद्दल. त्या चार पानांत अर्थ गळून जातो आणि वाकडे अंग सरळ झाले, आता सगळे छान, एवढेच मुलांच्या हाती लागते.

आपल्या भाषेतच हे गृहीत धरलेले आहे. 'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन' ही म्हण मी वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिली असेल. आंधळा दुसरे काही मागू शकेल, हे त्या म्हणीच्या ध्यानीमनीही नाही.

आमच्या वाडीत एक जन्मांध आजोबा होते. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. पावसाच्या आधी, वैशाखात, त्यांच्या अंगणात चुडतांचा ढीग पडलेला असायचा. नारळाची झावळी मधून उभी चिरायची, पाण्यात भिजवायची आणि मग पाती एकाआड एक खालून वरून घेत विणत जायची, हे काम आबांच्या हाताचे होते. अख्ख्या वाडीच्या पडव्या त्यांनी विणलेल्या चुडतांच्या आडोशाने पावसाळा काढत. पात तुटकी असली तर बोटांना ती ओवायच्या आधीच कळत असे आणि ते ती काढून बाजूला टाकत. त्यांनी आयुष्यभर काय काय मागितले ते मला आठवते. रेडिओला चांगले सेल मागितले, कारण आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राच्या बातम्या त्यांना खरखर न होता ऐकायच्या असत. दशावताराच्या रात्री पखवाजवाल्याच्या अगदी शेजारची जागा मागितली आणि ती मिळाली नाही तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. धाकट्या भावाने गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, हद्द वीतभर पुढे सरकवली होती, ती वीत मागितली आणि भांडून मिळवली. डोळा मागितल्याचे मी कधी ऐकले नाही. मनात मागितला असेलही. ते मला कसे कळणार? पण त्यांचा दिवस ज्या गोष्टी मागण्यात, मिळवण्यात आणि रुसण्यात जात असे त्या या होत्या आणि त्यांच्यावर कुणी गोष्ट लिहिली असती तर ती याच गोष्टींची झाली असती.

आबांमुळेच मला 'हत्ती आणि आंधळे' ही गोष्ट सांगताना आता अडखळायला होते. ती फार जुनी आहे. बौद्धांच्या 'उदान' ग्रंथात ती येते. श्रावस्तीचा एक राजा जन्मांधांना एकत्र करून हत्ती दाखवतो, कुणाच्या हाताला डोके लागते, कुणाच्या कान, कुणाच्या सुळा, आणि ते आपापसांत हातघाईवर येतात. मूळ रोख आपलेच खरे म्हणून भांडणाऱ्या पंथांवर आहे. जैन विचारातही अनेकान्तवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हे तत्त्व, समजावताना ही गोष्ट सांगतात. तत्त्वज्ञानाचा दृष्टान्त म्हणून तिची थोरवी कमी होत नाही. पण पहिलीच्या मुलासमोर ती चित्रांसह येते तेव्हा त्याला दिसतात ते सहा मूर्ख आंधळे. माझ्या वडिलांनी नवी सायकल आणली तेव्हा आबा ती पाहायला आले होते. त्यांनी पुढच्या मडगार्डपासून सुरुवात केली, हँडल, घंटा, दांडी, सीट, पायंडल, साखळी असे करत कॅरियरपर्यंत सगळी सायकल हाताखालून घातली, मग दोन्ही चाके फिरवून तारांवर बोट धरले आणि म्हणाले की मागच्या चाकाची एक तार सैल आहे. ती होती. डोळ्यांनी पाहणाऱ्या आम्हा सगळ्यांना केवळ हिरवा रंग दिसला होता. हत्तीच्या शेपटीला हात लावून तिथल्या तिथे निकाल देणारा माणूस ज्याने कल्पिला, त्याने आंधळ्या माणसाला एखादी नवी वस्तू हाताळताना शेजारी बसून पाहिलेले नसावे.

याउलट ज्याने पाहिले होते, त्याचे पान वेगळे दिसते. 1883 साली पुस्तकरूपाने आलेल्या 'ट्रेझर आयलंड'मधला लाँग जॉन सिल्व्हर खलनायक आहे, एका पायाचा आहे, आणि अपंग माणूस म्हणजे कपटी माणूस ही जुनी खोड त्यातही आहेच. त्याच कादंबरीतला आंधळा प्यू तर निव्वळ भीती घालण्यासाठी आणलेला आहे. तरीही सिल्व्हर जिवंत वाटतो. कादंबरीकार स्टीव्हन्सनने तो रंगवताना आपला मित्र, कवी विल्यम अर्नेस्ट हेन्ली याला डोळ्यांसमोर ठेवले होते आणि हेन्लीचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला होता. जहाजावर स्वयंपाक करताना सिल्व्हर आपली कुबडी दोरीने गळ्यात अडकवतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. तिचे टोक भिंतीला टेकवून जहाजाच्या हेलकाव्याबरोबर डुलत तो जमिनीवर असल्यासारखा रांधत राहतो. हे वर्णन वाचून आमच्याकडचा कोणताही खलाशी मान हलवील. आणि मुख्य म्हणजे सिल्व्हरला खजिना हवा आहे. पाय परत मिळावा म्हणून तो कुढत बसलेला नाही. दुष्ट सिल्व्हर आणि गुणी क्लारा यांच्यात माझ्या भाचीने सिल्व्हरला निवडले, यात मला आता काही वावगे वाटत नाही.

चरित्रांचा प्रकार आणखी वेगळा आहे. हेलन केलरची गोष्ट आपल्याकडच्या मुलांना हमखास सांगितली जाते आणि ती नेहमी पाण्याच्या पंपापाशी संपते. 1887 चा एप्रिल, सहा वर्षांची आंधळी-बहिरी मुलगी, एका हातावर पाण्याची धार आणि दुसऱ्या तळव्यावर तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हनबाईंनी गिरवलेली अक्षरे. प्रसंग खराच विलक्षण आहे. पण ती मुलगी त्यानंतर ऐंशी वर्षांहून अधिक काळ जगली. 1904 साली ती पदवीधर झाली, समाजवादी पक्षात गेली, स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलली, 1920 साली नागरी स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत जी संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत होती आणि 1955 साली भारतातही येऊन गेली. तिला पुष्कळ काही हवे होते आणि त्यातले बरेचसे तिच्या काळातल्या शहाण्यासुरत्या लोकांना अजिबात नको होते. मुलांच्या पुस्तकात या बाईंना कायम पंपाखाली उभे केलेले असते. ॲन सलिव्हनबाईंची स्वतःची दृष्टी लहानपणापासून अधू होती, ही गोष्टही त्या पुस्तकांत क्वचितच येते. तिथे शिकवणारा धडधाकट आणि शिकणारा अपंग अशी विभागणी पक्की असते.

पंपाची ही गोष्ट माझ्या भाचीला एकदा फार जवळून भेटली. एका शाळेत 3 डिसेंबरला जागतिक अपंग दिनाचा कार्यक्रम होता. तिला व्यासपीठावर नेले, हार घातला, एका मोठ्या मुलीने हेलन केलरवरचे भाषण म्हटले आणि शेवटी भाचीकडे हात करून सर्वांनी हिच्यापासून प्रेरणा घ्यावी असे सांगितले. टाळ्या झाल्या. त्याच आठवड्यात त्या शाळेची पाठांतर स्पर्धा होती. भाचीने मनाच्या श्लोकांतले एकवीस श्लोक पाठ केले होते, पण स्पर्धकांच्या यादीत तिचे नाव नव्हते, कारण स्पर्धा माडीवर होती. तिथल्या माणसांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी मनापासून मानते. त्यांनी जी पुस्तके वाचली होती त्यांत अशा मुलीला हार घालायचा असतो एवढेच लिहिलेले होते. तिला काही म्हणून दाखवायचे असेल, ही शक्यता त्यांच्या वाचनात कधी आलीच नव्हती.

2011 च्या जनगणनेत आपल्या देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते एकवीस झाले. त्यांत स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार आले. आपल्या बालसाहित्यात मात्र अजून आंधळा, लंगडा आणि मुका एवढेच तिघे वावरतात. अक्षरे उलटसुलट दिसणारा मुलगा, गर्दीचा आवाज सहन न होणारी मुलगी, दर काही दिवसांनी रक्त घ्यायला जिल्ह्याच्या गावी जाणारे भावंड अशी मुले माझ्या स्वतःच्या वर्गांत बसून गेली आहेत, पण त्यांना मी देऊ शकेन असे मराठी पुस्तक माझ्या कपाटात नव्हते.

चित्रांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण लहान मूल आधी चित्र वाचते. मुलांच्या पुस्तकांतली चाकाची खुर्ची बहुधा इस्पितळातली असते, मागे मोठ्या मुठी असलेली, म्हणजे कुणीतरी ढकलण्यासाठीच केलेली. तिच्यातली मुलगी मांडीवर शाल घेऊन बसलेली असते आणि चाकाला तिचा हात लागलेला दिसत नाही. एका पुस्तकात अशी खुर्ची उतारावर उभी होती. भाचीने चित्रावर बोट ठेवून विचारले, "मावशे, हिच्या खुर्चेक ब्रेक खंय आसा?" खरोखरच नव्हता. चित्रकाराने सुंदर डोंगर काढला होता, फुले काढली होती आणि त्या मुलीला बिनब्रेकाच्या खुर्चीत उतारावर बसवून तो पुढच्या पानाकडे गेला होता. मी हे वरवरचे म्हणून सोडून देणार होते. पण होडी काढताना कुणी वल्हे विसरला तर आमच्या गावातले शेंबडे पोरही त्याला हसेल, मग इथे आपण डोळेझाक का करतो?

चांगली पुस्तके नाहीतच असे नाही. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाचे 'कॅच दॅट कॅट' हे चित्रपुस्तक मला सापडले. त्यातली डिप डिप चाकाच्या खुर्चीवर असते आणि मैत्रिणीची हरवलेली मांजर शोधायला निघते. एवढीच गोष्ट. भाचीने ते सात-आठ वेळा वाचून घेतले आणि प्रत्येक वेळी चर्चा झाली ती मांजरीवर: ती आधी कुठे लपली असेल, तिला मासळीचा वास दाखवला असता तर ती लवकर आली असती का, आमची मांजर हरवली तर प्रथम कुठे शोधावे. खुर्चीबद्दल तिने एक अक्षर काढले नाही. खुर्चीवरच्या मुलीची गोष्ट ऐकून झाल्यावर ती मांजरीबद्दल बोलली, याचा मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही.

गेल्या गणपतीनंतर आम्ही दोघी मिळून एक गोष्ट लिहितो आहोत. गोष्टीतल्या मुलीला रापण ओढायला जायचे आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगांत उभी राहिलेली माणसे ते ओढून जाळे वाळूवर आणतात. दोराला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो. अडचण एकच होती, की आमच्या घराच्या मागच्या दारापासून ओल्या वाळूपर्यंत सुमारे साठ पावले कोरडी वाळू आहे आणि तिच्यात खुर्चीची चाके रुततात. ओल्या वाळूवर ती व्यवस्थित चालतात. मी लिहिले होते की मुलीचे मामा तिला उचलून नेतात. भाचीने ते खोडायला लावले आणि दोन दिवस विचार करून सांगितले की वाळूवर विणलेली चुडते अंथरायची. आम्ही पडवीतली उतरवून ठेवलेली दोन चुडते खरोखर नेऊन पाहिली. चाक त्यांच्यावर रुतले नाही. पात्यांचा करकर आवाज झाला, पण खुर्ची पुढे गेली. पुढचे चुडत घातले की मागचे उचलून आणायचे, म्हणजे चारांतही भागते, असा तिचा हिशेब आहे. आबा आता नाहीत, त्यामुळे विणायचे कसे ते मला त्यांच्या सुनेकडून शिकून घ्यावे लागले आणि माझी पहिली दोन चुडते वाकडी झाली.

गोष्टीत मुलगी ओल्या वाळूवर पोचते, दोन्ही ब्रेक लावते, दोर हातात घेते आणि रांगेबरोबर ओढते. जाळे वर येते, त्यात बांगडे असतात. इथे मी लिहिले होते की तिची जिद्द पाहून तांडेलाचे, म्हणजे रापणीच्या म्होरक्याचे, डोळे भरून आले आणि त्याने तिला सगळ्यांपेक्षा दुप्पट बांगडे दिले. ती ओळ लिहिताना मला बरे वाटले होते.

भाचीने ती ऐकली आणि मान हलवली. "दोर वडल्यार वाटो गावता, मावशे. सगळ्यांका जितके, तितकेच. आणि तो रडता कित्याक?"

मी ती ओळ खोडली आणि दुसऱ्यांना किती बांगडे मिळाले ते तिलाच विचारून लिहिले.